मुलगा म्हणतो, गेममुळे स्मरणशक्ती वाढते

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतात. मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्सला, नीटची तयारी करतोय. रोज रात्री जेवणानंतर अडीच-तीन तास बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळतो. ‘गेमने याच्या मेंदूचा भुगा केलाय, दुकानात पाठवलं तर निम्म्या वस्तू विसरून येतो,’ असं वडिलांचं म्हणणं. एका भांडणात मुलाने मोबाइलवर शोधलेलं संशोधन दोघांसमोर ठेवलं: ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची दृश्यस्मृती इतरांपेक्षा चांगली असते, आणि गेम खेळणारे सर्जन कमी चुका करतात. ताईंना वाटतं त्यात तथ्य असावं, कारण नात्यातल्या लग्नात हरवलेली पिशवी कुठल्या खुर्चीखाली होती ते त्यानेच अचूक सांगितलं. पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिॲक्शन्स त्याच्या लक्षात राहत नाहीत. जाता जाता त्या लिहितात, ‘याचे दहावीचे मित्र दोघं पुण्याला, एक नागपूरला क्लासला गेले. त्यांच्याबरोबरच खेळतो.’ त्या विचारतात, ‘वर्षभरासाठी मोबाइल काढून घेऊ का? आणि खरंच फायदा होत असेल, तर काढून घेऊन मी त्याचं नुकसान तर करणार नाही ना?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बापलेकात कोण बरोबर ते ठरवायचं आहे असं वाटलं. दुसऱ्यांदा लक्षात आलं की दोघं ‘स्मरणशक्ती’ हा एकच शब्द वापरतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. म्हणून आधी तेवढं सोडवू.

हळदीकुंकवाला किंवा भिशीत आपण ताटातल्या वस्तूंचा खेळ खेळतो. ताटात किल्ली, कंगवा, सुपारी, बांगडी अशा वीसेक वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, वर रुमाल टाकायचा आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या. त्या मिनिटात आपण काय करतो? मनातल्या मनात नावं घोकतो, जोड्या लावतो: किल्लीच्या शेजारी कुलूप, कंगव्याजवळ आरसा. आता हेच ताट सेकंदाच्या फक्त दहाव्या भागापुरतं दाखवलं तर? घोकायला वेळच नाही. डोळ्यांनी जे टिपलं तेवढंच हाती. हे टिपलेलं चित्र काही क्षण मनात धरून ठेवण्याच्या शक्तीला मानसशास्त्रात अल्पकालीन दृश्यस्मृती म्हणतात.

ती मोजतात कशी, हे ल्यूक आणि व्होगेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या प्रयोगांत छान दाखवलं. पडद्यावर रंगीत चौकोन क्षणभर चमकतात, मग जेमतेम सेकंदभर पडदा कोरा, मग चौकोन पुन्हा येतात. एखाद्याचा रंग बदलला का, एवढंच सांगायचं. तीन-चार चौकोन असतील तर बहुतेकांना बरोबर सांगता येतं. त्याहून जास्त झाले की चुका वाढत जातात. तुमची-माझी, सगळ्यांचीच झोळी साधारण तीन-चार वस्तूंची. ही स्मृती म्हणजे जणू पाटी, क्षणात लिहिली जाते आणि क्षणात पुसली जाते. रस्ता ओलांडताना डावीकडे बघून उजवीकडे मान वळवतो, तेव्हा डावीकडचा टेम्पो किती लांब होता हे हीच पाटी सांभाळते. तुमच्या मुलाच्या गेममध्ये झाडामागून डोकावून लपलेला शत्रू कुठे होता, कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर कोण कुठे दिसलं, हेही तीच सांभाळते. आणि रिॲक्शन्स? त्या महिनोन्‌महिने टिकायच्या, म्हणजे दीर्घकालीन स्मृतीचं काम. पिशवीची खुर्ची तासाभराने आठवली, तेव्हा तीही क्षणाच्या पाटीवर नव्हती. तिथे त्याचं लक्ष गेलं होतं म्हणून ती पुढे टिकली.

आता त्याने दाखवलेल्या संशोधनाकडे. तो खोटं बोलत नाहीये, हे आधी सांगते. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन नावाचा विद्यार्थी दृष्टी आणि लक्ष यांची एक चाचणी संगणकावर तयार करत होता. स्वतःवर करून बघितली तर गुण अपेक्षेपेक्षा फारच जास्त. प्रोग्राममध्ये चूक असेल म्हणून त्याने मित्रांना बसवलं, तर त्यांचेही तसेच. ही सगळी मंडळी ॲक्शन गेम खेळणारी होती. मग त्याने आणि त्याच्या मार्गदर्शक डॅफ्ने बॅव्हेलिए यांनी नीट प्रयोग केले. कधी न खेळणाऱ्यांपैकी काहींना रोज एक तास, सलग दहा दिवस युद्धाचा ॲक्शन गेम दिला, काहींना टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम. ॲक्शन गेमवाल्यांचं नजरेचं लक्ष जास्त सुधारलं. २००३ साली ‘नेचर’मध्ये हे आलं, आणि गेम खेळणाऱ्या मुलांच्या हाती आईबाबांना दाखवायला एक कागद आला.

पुढची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. २००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या वॉल्टर बूट आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंची इतरांशी तुलना केली. खेळाडू अल्पकालीन दृश्यस्मृतीच्या चाचणीतही पुढे होते. पण मग त्यांनी न खेळणाऱ्यांना २० तासांहून जास्त खेळायला लावलं, तर बहुतेक चाचण्यांत म्हणावी तशी सुधारणा झालीच नाही. कबड्डीच्या संघातली मुलं चपळ दिसतात, ती कबड्डीने चपळ झाली की चपळ होती म्हणून संघात आली? दोन्ही थोडं थोडं खरं असू शकतं, नुसत्या तुलनेतून ते कळत नाही. २०१३ मध्ये ब्लॅकर आणि कर्बी यांना ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची दृश्यस्मृती सरस आढळली. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या संशोधकांना भरपूर खेळणाऱ्या तरुणांमध्ये झोळी मोठी झालेली दिसलीच नाही. झोळीत टाकायचा वेग मात्र जास्त होता. २०१४ मध्ये ब्लॅकर यांच्याच गटाने ३० तास खेळवून बघितलं, तेव्हा दृश्यस्मृतीच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, पण जास्त गुंतागुंतीच्या स्मरणचाचणीत दिसली नाही.

यावर कळस म्हणजे २०१८ साली. ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या एकाच नियतकालिकात एकाच वर्षी आधीच्या सगळ्या अभ्यासांचा हिशोब मांडणारे दोन लेख आले. एकाने म्हटलं, ॲक्शन गेमच्या सरावाने लक्ष आणि नजरेच्या काही क्षमता बऱ्यापैकी सुधारतात. दुसऱ्याने म्हटलं, गेमच्या सरावाने बुद्धीच्या क्षमता वाढत असल्याचा खात्रीचा पुरावा नाही. तुमच्या मुलाने पहिल्या बाजूचा पुरावा आणला, एवढंच. यातली आणखी एक अडचण बघा. ‘गेममुळे नजर तेज होते’ हे ऐकून चाचणीला बसलेला गेमर जास्त हुरूपाने बसतो. तो हुरूप गुणांमध्ये किती मिसळला, हे वेगळं काढणं फार अवघड.

माझं स्वतःचं मत विचाराल तर असं: नजरेने झटकन टिपण्याची सवय ॲक्शन गेमने थोडी वाढत असावी. त्यापलीकडचं काही मी त्याच्या नावावर मांडणार नाही. वडील म्हणतात तसा भुगा होतो, हेही या संशोधनात कुठे दिसत नाही.

सर्जनच्या अभ्यासाबद्दल मुद्दाम लिहिते, कारण मुलाला डॉक्टर व्हायचंय आणि तो कागद त्याच्या मनाला भिडला असणार. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ३३ सर्जनांचा. दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेच्या सरावचाचणीत, पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्यांनी ३७ टक्के कमी चुका केल्या. पडद्याकडे बघत हात चालवायचं काम, त्यामुळे यात आश्चर्य नाही. पण ते सगळे आधी शिकून डॉक्टर झालेले होते. आणि तीन तास होते आठवड्याचे, ताई. तुमच्या घरी ते एका रात्रीचे आहेत. हा आकडा त्याला शांतपणे, टोमणा न मारता दाखवा. ज्याने स्वतः अभ्यास शोधून आणला, तो तो पूर्ण वाचूही शकतो.

समजा, त्याची पाटी खरंच चारऐवजी पाच वस्तूंची झाली. नीटमध्ये काय उपयोग? १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या जागेवर मांडायचा. सोंगट्या कशाही विस्कटून मांडल्या, की निष्णाताचा तो मोठा फायदा नाहीसा. म्हणजे पाटी सगळ्यांची सारखीच. निष्णाताला पाच सोंगट्या मिळून एक ओळखीची वस्तू दिसते, म्हणून त्याच पाटीवर जास्त मावतं.

हे बायॉलॉजीला जसंच्या तसं लागू पडतं, आणि नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायॉलॉजीचे असतात. मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळीची, आकृती मी बघितली तर मला वेड्यावाकड्या नळ्या दिसतील. ज्याने समजून घेतलंय त्याला ग्लोमेरुलसमध्ये रक्त गाळलं गेलं, पीसीटी या पुढच्या नागमोडी नळीत कामाचं बरंचसं परत घेतलं, हेन्लेच्या लूपमध्ये पाणी आणि क्षार यांचा हिशोब झाला, अशी एक सलग गोष्ट दिसते. मोठी पाटी गेमने मिळण्यापेक्षा नेफ्रॉन समजल्याने मिळते. रिॲक्शन्सचंही तेच. सुट्या पाठ केल्या तर चाळीस, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते कळलं तर चार-पाच तऱ्हा.

मग त्या लक्षात का राहत नाहीत? इथे तुम्ही गेमला दोषी धरून थांबलात, पण तो अभ्यास कसा करतो हे पत्रात कुठेच नाही. पुस्तक उघडून, हायलायटर फिरवून तेच पान चारदा वाचतो का? बहुतेक मुलं तेच करतात. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, तेही चांगल्या फरकाने. वाचताना ‘येतंय की’ असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं. त्याला सांगा, पान एकदा वाच, पुस्तक मीट, पाठकोऱ्या कागदावर आकृती काढ, नावं दे, मग पुस्तक उघडून लाल पेनने चुका दुरुस्त कर. दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत. या पत्रातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. गेम बंद झाला आणि वाचायची पद्धत तीच राहिली, तर रिॲक्शन्स तरीही विसरतील.

दुकानातून निम्म्या वस्तू विसरण्याबद्दल. तुम्ही यादी कधी सांगता? कानात इअरफोन, मॅच रंगात आलेली, मित्र ओरडतायत, आणि मागून आवाज येतो, ‘उद्या येताना गूळ, रवा आणि साबण आण.’ तो ‘हो’ म्हणतो. ते ‘हो’ तुम्हाला गप्प करण्यासाठी असतं. गूळ आणि साबण त्याच्या डोक्यात शिरलेच नाहीत, तर विसरणार कुठून? इअरफोन काढून, नजरेला नजर देऊन सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. आठवडाभर करून बघा, विसरभोळेपणा किती उरतो ते.

मला खरी काळजी वाटली ती वेळेची. जेवणानंतर अडीच-तीन तास म्हणजे साडेबारा तरी वाजत असणार. सकाळी कॉलेज, क्लास. दिवसा वाचलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तो साडेपाच-सहा तासच झोपत असेल तर अभ्यास आणि विश्रांती दोन्हींवर पाणी पडतं. तुमच्या घरातला तंटा गेम आणि स्मृती यांचा असल्यापेक्षा झोप आणि स्मृती यांचा आहे, असं मला वाटतं. त्याचे बाबा आणि तो दोघंही याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

आता जरा नाजूक गोष्ट लिहिते. तुमच्या मुलाने परदेशातले शोधनिबंध का धुंडाळले असतील? ‘मला आवडतं म्हणून खेळतो’ हे उत्तर आपल्या घरांत चालत नाही. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न ठरलेला. आपण मोठी माणसं क्रिकेट बघतो, मालिका बघतो, त्याने बुद्धी वाढते का असं कुणी विचारत नाही. बारावीच्या मुलाला मात्र मोकळ्या तासाचाही हिशोब द्यावा लागतो. म्हणून त्याने तुम्हाला पटेल असा, मार्कांच्या भाषेतला हिशोब आणला. त्या कागदामागे एक विनंती आहे, ती ऐका.

आणि तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य: दोघं पुण्याला, एक नागपूरला. दहा वर्षं ज्यांच्याबरोबर शाळेत गेला ते गावातून गेले, हा मागे राहिला. रात्री दहा वाजता चौघं एका मॅचमध्ये उतरतात, तेव्हा तो त्यांचा पार असतो, नाक्यावरचा कट्टा असतो. तिथे घरची, क्लासची, टेस्टच्या मार्कांची बोलणी होतात. मोबाइल वर्षभर काढून घेतलात तर गेमबरोबर तेही काढून घ्याल. म्हणून माझं उत्तर, काढून घेऊ नका. पण आहे तसंही चालू ठेवू नका.

करार करा, आणि मोजमाप मिनिटांत ठेवू नका. बीजीएमआयची मोठी मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते आणि मधेच थांबवता येत नाही. अर्ध्यावर सोडली तर सोबत्यांचं नुकसान, म्हणून ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हटलं की भांडण पेटतंच. त्याऐवजी मॅच मोजा. रोज एक किंवा दोन, जेवणाआधी, साडेनऊच्या आत संपलेल्या. मित्रांच्या क्लासच्या वेळा जुळत नसतील तर रोजची एक आणि रविवारी दुपारी तीन-चार. कुठल्या वेळा ठेवायच्या ते मित्रांशी बोलून त्यालाच ठरवू द्या, झोपेची वेळ मात्र तुम्ही ठरवा. रात्री चार्जर बैठकीच्या खोलीत, सगळ्यांचाच, वडिलांचासुद्धा. हा शेवटचा भाग जड जाईल, पण त्याशिवाय करार टिकत नाही. महिनाभर चालवा, आणि टेस्ट सिरीजचे आकडे समोर ठेवून एकत्र बसून त्यात फेरफार करा. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत तो बहुधा स्वतःच कमी करेल. नाही केलं तर तेव्हा बोलू.

असेच प्रश्न आणखी बऱ्याच वाचकांनी विचारलेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठीही. खेळणं आवाक्याबाहेर गेलं हे ओळखायची खूण तासांत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर आहे. थांबवणं हातात न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं. मूल जेवण, अंघोळ, शाळा सोडायला लागलं, पैसे चोरायला लागलं, तर करारबिरार बाजूला ठेवा आणि समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पैसे लावून खेळायच्या गेम्सचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. त्यांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, त्यात कसलीही तडजोड नको.

लहान मुलांच्या पालकांनो, ‘स्मरणशक्ती वाढवणारी’ ॲप्स वर्गणी भरून घेण्याआधी थांबा. ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला तिच्या जाहिरातींतल्या दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. शाळेत आणि कामात याने फरक पडेल, म्हातारपणीचं विसरणं लांबेल, असे ते दावे होते आणि त्यांना पुरेसा आधार नव्हता. त्या पैशात पत्त्यांचा जोड आणि चार गोष्टींची पुस्तकं येतात.

ताई, एक काम तुमच्या मिस्टरांसाठी. एखाद्या रविवारी त्यांनी मुलाच्या शेजारी बसून एक मॅच पूर्ण बघावी. मधे सल्ला न देता. नकाशावरचे ठिपके म्हणजे काय, पाऊलं कुठून ऐकू येतात, कुठल्या सोबत्याचं नाव काय, एवढं विचारावं. मग संध्याकाळी ताटात वीस वस्तू मांडा आणि तिघं खेळा. तो जिंकला तर मनापासून कौतुक करा. मग तोच कागद उलटा करून त्याला नेफ्रॉन काढायला सांगा.

महिनाभराने मला परत लिहा. तो किती वाजता झोपतो आणि बाबा शेजारी बसले का, एवढं कळवलंत तरी पुरे.